सायकलवरून एक दिवस : राधानगरी ते दाजीपूर, वाटेतलं धरण, गावं आणि घ्यायची काळजी

राधानगरी : थंडी पडली की शनिवार-रविवारी आपल्या रस्त्यावर हेल्मेट घातलेली, पाठीला छोटी पिशवी लावलेली सायकलवाली मंडळी दिसायला लागतात. कोल्हापूर, निपाणी, कणकवली अशा सगळीकडनं येतात. आपण बांधावर उभं राहून बघतो आणि म्हणतो, "बरं हाय बाबा, कामधंदा न्हाई ह्यास्नी." मीही तसंच म्हणायचो. पण गेल्या जानेवारीत पुण्यात कंपनीत असलेला माझा भाचा सुट्टीला आला आणि येताना गिअरची सायकल घेऊन आला. म्हणाला, "मामा, एक दिवस चला माझ्याबरोबर. आपलाच तालुका आहे, आपणच बघितला नाही."

खोटं न्हवतं. राधानगरीला तहसीलला शंभर वेळा गेलो असेन, पण धरणाकडं निवांत बघत कधी उभा राहिलो न्हवतो. मग दूध घालायला नेतो तीच जुनी काळी सायकल धुऊन पुसून काढली आणि निघालो. त्या दिवसाच्या अनुभवावरनं आणि आपल्या भागाची जी माहिती आहे त्यावरनं हा लेख लिहिला आहे. ज्यांना जायचं आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांच्या दारावरनं ही मंडळी जातात त्यांच्यासाठीही शेवटी चार गोष्टी आहेत.

रस्ता कसा आहे

कोल्हापूरहून राधानगरी साधारण ५०-५५ किलोमीटर. हळदी, परिते, भोगावती कारखाना, घोटवडे असा नदीच्या कडेकडेनं रस्ता येतो. दुसरा रस्ता निपाणीकडनं मुदाळतिट्टा, तुरंबे, सरवडे, सोळांकूर असा येतो. राधानगरीच्या पुढं फेजिवडे, मग जंगलपट्टा, हसणे, ओलवण आणि दाजीपूर. त्याच्या पुढं फोंडा घाट उतरला की सिंधुदुर्ग जिल्हा.

नवख्या माणसानं कोल्हापूरहून सुरुवात करू नये. सायकल टेम्पोत किंवा पिकअपमध्ये टाकून राधानगरीपर्यंत आणावी आणि तिथून दाजीपूरला जाऊन परत यावं. जाऊन-येऊन ५०-६० किलोमीटर होतात. चढ-उतार धरून आणि थांबत थांबत गेलं तर पूर्ण दिवस लागतो. फोंडा घाट उतरायचा मोह होतो, पण उतरलेलं परत चढावं लागतं हे ध्यानात ठेवावं. पहिल्या वेळी घाटमाथ्यावरनं खालचं कोकण बघावं आणि माघारी फिरावं.

ज्यांना लांब पल्ल्याची हौस आहे त्यांच्यासाठी 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार जगभर चालतो. त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करायचं, शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आपल्याकडच्या शहरांतली मंडळीही ते करतात. पण ते पुढचं. आधी ६० करावेत.

सायकल कुठली हवी

गिअरची सायकल असेल तर चढाला सोपं जातं, एवढंच. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा. चढात जोर लावून गिअर बदलला की चेन उतरते, भाच्याची दोनदा उतरली. माझ्या काळ्या सायकलीला गिअर न्हवता, म्हणून खडा चढ आला की मी उतरून हातात धरून चालत होतो. त्यात कसली लाज? आमच्या दोघांत दाजीपूरला पोचायला पाऊण तासाचा फरक पडला.

निघायच्या आधल्या दिवशी एवढं बघावं :

- दोन्ही ब्रेक. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, दोन्ही मिळून हळूहळू दाबायचे.
- टायरमधली हवा आणि टायरची झीज. जंगलपट्ट्यात पंक्चरचं दुकान मिळेल असं धरून चालू नये. जादा ट्यूब, पंप आणि पाना जवळ पाहिजे.
- चेनला तेल.
- मागं लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर. धुक्यात हाच जीव वाचवतो.
- तासाला अर्धा लिटर या हिशोबानं पाणी. तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्यावं.

खायला शहरातली मंडळी पाकिटातला खाऊ आणतात. आपल्याकडं गूळ-शेंगदाणे आहेत, त्यापेक्षा भारी काही नाही. गुऱ्हाळ चालू असेल तर उसाचा रस घ्यावा. जेवायला भाकरी, खर्डा आणि दही बांधून घ्यावं.

सायकल ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. तिथून पुढं लोखंडी नांगर, चरक आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आजा-पणजानं शेतात ओढलेल्या नांगराचं मूळ असं सायकलीच्या दुकानात आहे.

राधानगरी नाव कुठनं आलं

आम्ही सकाळी सातला राधानगरीतनं निघालो. भाच्यानं पहिला प्रश्न विचारला, "राधा म्हणजे कृष्णाची राधा का?" नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई उर्फ अक्कासाहेब यांच्या नावावरनं हे गाव वसलं. त्यांचं लग्न देवासच्या पवार घराण्यात झालं होतं. धरणाचं काम काढलं तेव्हा त्याच्याबरोबरच ही वस्ती उभी राहिली. म्हणजे जुनं गाव होतं म्हणून धरण झालं असं नाही, धरणाच्या निमित्तानं हे गाव झालं.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, राज्याभिषेक २ एप्रिल १८९४ ला आणि निधन ६ मे १९२२ ला. गादीवर आल्यावर दोन-तीन वर्षांतच दुष्काळ पडला, त्याच्या मागनं प्लेग आला. पावसाच्या भरवशावर शेतकरी उभा राहत नाही हे त्यांनी जवळून बघितलं. १९०२ साली त्यांनी संस्थानाचं पाटबंधाऱ्याचं धोरण ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत भोगावती नदीवर धरणाचं काम सुरू केलं. काम मोठं आणि संस्थान लहान. पैशाअभावी आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या अडचणींमुळं काम थांबलं. महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली ते पूर्ण झालं.

धरण : आकडे समजून घ्या

फेजिवड्याजवळ धरणाची भिंत दिसते. जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात. साठवण ८.३६ टीएमसी. पावसाळ्यात आपण रोज हे आकडे मोबाईलवर वाचतो, पण त्याचा अर्थ फार जणांना ठाऊक नसतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३१ कोटी. म्हणजे भरलेल्या लक्ष्मी तलावात २३ हजार ६०० कोटी लिटरच्या पुढं पाणी असतं.

या धरणाची ओळख म्हणजे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. तलाव पूर्ण भरला, म्हणजे पातळी ३४७.५० फुटांवर गेली, की पाण्याच्या जोरावर ते एकेक करून आपोआप उघडतात. पाणी उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक पाणी पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे एक दरवाजा उघडला की सेकंदाला ४० हजार लिटर पाणी. सातही उघडले तर सेकंदाला जवळपास पावणेतीन लाख लिटर. "तीन नंबर दरवाजा उघडला" अशी बातमी आली की खालच्या गावांनी मोटारी नदीतनं वर काढायच्या, ते याच्यासाठी.

हे पाणी भोगावतीतनं खाली जातं. प्रयाग चिखलीला संगम होऊन पंचगंगा होते, पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात धरणातनं सोडलेलं पाणी नदीत जागोजागी बंधारे घालून अडवायचं आणि शेतकऱ्यानं मोटारीनं उचलायचं, ही पद्धत इतकी आपली आहे की अशा बंधाऱ्याला सगळ्या राज्यात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. खालच्या गावांतला ऊस या पाण्यावर उभा आहे.

तलावात शाहू महाराजांच्या काळातली 'बेनझीर व्हिला' ही वास्तू आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिचे अवशेष दिसतात. आम्ही गेलो तेव्हा तलावात पाणी भरपूर होतं, त्यामुळं लांबूनच हात जोडला. गाळात उतरून तिथं जायच्या भानगडीत पडू नये. वरनं कोरडा दिसणारा गाळ आतनं मऊ असतो. राधानगरीत महाराजांच्या काळातला हत्तीमहालही आहे. राऊतवाडीचा धबधबा पावसाळ्यात बघावा, पण तेव्हा गर्दी फार असते.

जंगलपट्टा

फेजिवडे मागं पडलं की ऊस संपतो आणि झाडी सुरू होते. तलावाचं पाणी कधी दिसतं, कधी झाडीआड जातं. इथंच चढ दमवतो. भाचा पुढं गेला होता. मला धाप लागली म्हणून एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या काकी म्हणाल्या, "कुठनं आलासा? आणि ह्या सायकलीवर? बसा की, च्या घ्या." चहा झाल्यावर पैसे घ्यायला तयार न्हवत्या. म्हणाल्या, "तुमी आपलंच हाईसा. गाडीवाली मंडळी तर थांबत न्हाईत, सर्रकन जात्यात." सायकलवाला मात्र दर दहा-बारा किलोमीटरला थांबतोच, त्याला थांबावंच लागतं. ही गोष्ट गावकऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

दाजीपूरचं जंगल पूर्वी संस्थानाचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या अभयारण्यांत त्याचं नाव येतं. १९८५ साली त्याची हद्द वाढवली आणि 'राधानगरी वन्यजीव अभयारण्य' असं नाव झालं. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली त्यात कास, कोयना, चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. राज्याचा प्राणी शेकरू आणि राज्याचा पक्षी हरियाल या दोघांचंही हे घर. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला पहिला पाऊस पडायच्या सुमाराला इथं काजव्यांनी झाडं उजळतात.

मुख्य रस्त्यानं सायकल जाते. अभयारण्याच्या आत मात्र वन विभागाची परवानगी आणि प्रवेश शुल्क लागतं, पावसाळ्यात ते बंद असतं. आत सायकल नेता येईल का, हे आधी वन विभागाकडं विचारूनच ठरवावं.

गवा समोर आला तर

परतीच्या वाटेवर ओलवण मागं टाकल्यावर एका वळणावर भाचा एकदम थांबला. साठ-सत्तर फुटांवर रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, अंग काळंभोर. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. भाच्याचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे लेका. फोटू न्हाई मिळाला तरी चालंल." आम्ही सायकलवरनं उतरलो, सायकल पुढं धरली आणि पाऊल पाऊल मागं आलो. दहा-बारा मिनिटं गेली. गवा आमच्याकडं बघत उभा राहिला, मग रस्ता ओलांडून खाली उतरला. त्याच्या मागनं आणखी तीन आले. पहिल्याच्या नंतर आम्ही निघालो असतो तर मधेच सापडलो असतो.

म्हणून सांगतो :

- गवा दिसला की थांबा. घंटी वाजवू नका, ओरडू नका, दगड मारू नका.
- एक गेला म्हणजे सगळे गेले असं समजू नका. कळप असतो.
- एकटा नर आणि पिल्लाबरोबरची मादी, यांच्यापासून जास्तच लांब राहा.
- त्याला जायला वाट मोकळी ठेवा. वाट अडली की तो अंगावर येतो.
- सकाळी लवकर आणि दिवस मावळताना गवे जास्त फिरतात. संध्याकाळी साडेपाचच्या आत जंगलपट्टा ओलांडलेला बरा.

दगडातला इतिहास

आपल्या भागात किल्ला-राजवाडा नसलेल्या गावातही इतिहास असतो. देवळाच्या आवारात, पिंपळाखाली, कधी पाणवठ्यावर उभे कोरीव दगड दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. ते खालनं वर वाचायचे. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं राखताना पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तो शिवपिंडीची पूजा करताना. सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहील. बांगड्या घातलेला, कोपरात वाकवलेला हात कोरला असेल तर तो सतीचा दगड.

करवीर तालुक्यातलं कसबा बीड यासाठी प्रसिद्ध आहे. शिलाहार राजांच्या काळातलं हे महत्त्वाचं ठिकाण, तिथं वीरगळ मोठ्या संख्येनं आहेत. कोल्हापूरच्या शिलाहारांचं राज्य तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांनी जिंकलं. म्हणजे हे दगड आठशे वर्षांच्या पुढचे. कोल्हापूरहून अर्ध्या दिवसाची सायकल फेरी करायची असेल तर बीड चांगलं. राधानगरी तालुक्यात दुसऱ्या फेरीसाठी कसबा तारळे, दुर्गमानवाडची विठ्ठलाई आणि धामोडचं तुळशी धरण हा पट्टा आहे. चढ भरपूर, पण वाहनं कमी.

आपल्या गावात असा दगड असेल तर त्याला ऑईलपेंट लावू नका, सिमेंटात चिणू नका. जिथं आहे तिथं स्वच्छ ठेवला तरी पुरे.

पाण्याखालची गावं

उतरताना एका टेपावर दम खायला थांबलो. भाच्यानं विचारलं, "मामा, आज्जीचं माहेर कुठलं? आई म्हणते ते आता नाही." मी दक्षिणेकडच्या डोंगराकडं हात केला. त्या डोंगराच्या पलीकडं दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण आहे, २५.४० टीएमसीचं, राधानगरीच्या तिप्पट. माझ्या आईचं गाव त्या पाण्यात आहे. मी लहान असताना आजोळच्या माणसांनी घराचे वासे, दारं, जातं गाडीत भरलं आणि खालच्या तालुक्यात मिळालेल्या जागेवर गेली. आईनं मरेपर्यंत नव्या जागेला कधी माहेर म्हटलं नाही, 'भावाचं घर' म्हणायची.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी प्रत्येक वेळी या पाण्याचे फोटो टाकतो."

टाकावेत की. पाणी देखणंच आहे. त्याच पाण्यावर माझा ऊस येतो, मला ते नाकारता येत नाही. पण लक्ष्मी तलाव असो, काळम्मावाडी असो, तुळशी असो, प्रत्येक तलावाखाली कुणाची तरी जमीन आहे. अभयारण्यातल्या वाड्यांनाही उठावं लागलं, काहींचं पुनर्वसन रेंगाळलं. बाहेरनं येणाऱ्या माणसाला 'ऐतिहासिक गाव' दाखवताना ही गावंही सांगितली पाहिजेत. ती नकाशावर दिसत नाहीत, सांगणारी माणसंही कमी होत चालली आहेत. तुमच्या घरात असं कोणी असेल तर गावाचं नाव, वाडीचं नाव, देवाचं नाव एकदा लिहून घ्या. मी आईचं अर्धंच लिहून घेतलं, बाकीचं राहिलं.

कधी जावं

- जून ते सप्टेंबर : या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. धुकं, दरड, निसरडा रस्ता. नवख्यांनी टाळावं.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : रान हिरवं, भात कापणी चालू. दुपारचं ऊन मात्र चटका देतं.
- डिसेंबर ते फेब्रुवारी : सगळ्यात चांगले दिवस. पण ऊस वाहतुकीचेही हेच दिवस.
- मार्च-एप्रिल : पहाटे निघून दहा-अकराच्या आत परत यावं.

रस्त्याकडेच्या गावांसाठी चार गोष्टी

पहिली, उसाच्या ट्रॉल्या. मी स्वतः ऊसवाला आहे म्हणून हक्कानं लिहितो. त्या दिवशी राधानगरीच्या खालच्या बाजूला तिन्हीसांजेला मागं दिवा नसलेली दोन ट्रॉल्यांची गाडी उभी होती. भाचा उतारानं येत होता. अगदी हातभर अंतरानं वाचला. रात्रभर मला झोप लागली नाही, बहिणीला काय तोंड दाखवलं असतं? ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला किती पैसे लागतात? उभी केली तर मागं दगड न ठेवता दिवा ठेवा. आणि निघताना ठेवलेला दगड रस्त्यातच सोडून जाऊ नका.

दुसरी, खाण्यापिण्याची सोय. सायकलवाल्याला हॉटेल लागत नाही. स्वच्छ पाणी, चहा, भाकरी-झुणका, सावलीला बाक आणि हवा भरायचा पंप एवढं असलं की तो थांबतो. बचत गटातल्या महिलांनी शनिवार-रविवारी एवढं केलं तरी दोन पैसे मिळतील. दर फळ्यावर लिहावा, म्हणजे वाद होत नाही.

तिसरी, स्वच्छतागृह. बायका-मुलीही सायकलवर येतात. शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं स्वच्छतागृह सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवता येईल का, हे ग्रामसभेत बोलावं.

चौथी, कचरा. आलेल्यानं पाण्याची बाटली आणि पाकीट परत न्यावं, असं प्रेमानं सांगा. जंगलात टाकलेलं प्लास्टिक गुरंही खातात, गवेही.

अडचण आली तर हे नंबर मोबाईलमध्ये असू द्या : रुग्णवाहिका १०८, पोलीस व तातडीची मदत ११२, वन विभाग १९२६. जंगलपट्ट्यात रेंज जाते, त्यामुळं निघताना घरी रस्ता आणि परत यायची वेळ सांगून ठेवावी.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पाय दोन दिवस दुखले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच सायकलीवर दूध घालायला गेलो आणि परत येताना सरळ घरी न येता वाडीच्या देवळामागं वळलो. तिथं एक वीरगळ आहे, लहानपणी आम्ही त्यावर बसून खेळायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तो खालनं वर वाचला.

जायचं असेल त्यांनी जरूर जावा. हळू जावा, उजेडात माघारी या.